आवणीतली मधली जागा

आवणीच्या ओळीत मधली जागा कुणाची, हे आमच्या गावात कुणी बोलून ठरवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. दहा-बारा बायका खाचरात वाकून भाताची रोपं लावत लावत मागं सरकत जातात. त्यातली जी पिक्चर सांगणार ती मधे उभी राहते, म्हणजे दोन्ही टोकांना तिचा आवाज पोचतो. पूर्वी आवणीची गाणी म्हणत. आता ती दोन-चार म्हाताऱ्यांनाच येतात, म्हणून पिक्चर. तोही रडका चालत नाही. कंबर मोडलेली असताना आणखी रडायला कुणाला हवंय? मारामारीचा हवा, गाड्या उलटणारा हवा, नाहीतर आभाळातून काहीतरी उतरणारा हवा.

गेली तीन वर्षं ती मधली जागा माझ्या धाकट्या जावेची आहे. मला ती हवी होती. हे लिहायला लाज वाटत नाही. वाटायची तेवढी वाटून झाली आहे.

माहेर आणि सासर मिळून कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., रसायनशास्त्र. खोपोलीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि रविवारी घरच्या शेतात उतरते. घरात कुठलाही कागद आला की माझ्याकडे येतो. सातबारा असो, गॅसचा फॉर्म असो, सासऱ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी असो. गावातल्या बायकाही फॉर्म घेऊन येतात, ओट्यावर गप्प बसून राहतात, सही करतात आणि उठून मागच्या दारी जावेकडे जातात. मग तिकडून हसण्याचा आवाज येतो. मी पेनाला टोपण लावत बसलेली असते.

जाऊ दहावीला दोनदा बसली. चौक गावाच्या पुढं जुन्या हायवेवर एक ढाबा आहे, तिथं ती भाकऱ्या करते. आवणीचे आठ-दहा दिवस तेवढी सुट्टी घेते. ढाब्यावर टीव्ही दिवसभर चालू असतो, हिंदीत डब केलेले पिक्चर एकामागून एक. ती तव्यापुढून मान वळवून बघते.

मी थेटरात बघते. पनवेलला जाऊन, तिकीट काढून, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. घरी आले की मोबाईलवर अभिप्राय लिहिते, तारे देते. अवकाशात हवा नसते, त्यामुळे स्फोटाचा आवाज येत नाही, हे मी किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. एकदा कुणा अनोळखी माणसानं खाली लिहिलं होतं, 'ताई, मुद्देसूद लिहिता.' ते मी सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि लगेच विचारलं, "धाकटी आली का गं ढाब्यावरनं? काल गाडी बोगद्यात शिरली तिथंच सोडलीय तिनं गोष्ट."

मागच्या वर्षी एकदा जावेला ताप होता म्हणून मला मधे उभं केलं. मी पिक्चर नीट सांगितला. कोण कोण आहे, कशासाठी भांडतात, काय होतं, का होतं. दहा मिनिटांत झाला.

"संपला?" शेजारच्या काकीनं विचारलं.

"संपला."

"आगं, आजून खाचराचा कोपरा बी नाय भरला."

पुढं दुपारपर्यंत बायका मुक्यानं लावत राहिल्या. त्या दिवशी सगळ्यांच्या कमरा जास्त दुखल्या, असं काकी नंतर आठवडाभर सांगत फिरली.

यंदाचं सांगते. जुलैतला रविवार होता. सावडीचे दिवस, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून आमचं खाचर, उद्या काकीचं. जावेनं सकाळी जो पिक्चर काढला तो मी पनवेलला बघितलेला होता. चार तारे दिले होते. मी ओळीच्या टोकाला, बांधाकडेला होते.

गोष्ट अशी. हिरो फौजी असतो. त्याचा धाकटा भाऊ लढाईत गेलेला. शत्रू एक यंत्राचा माणूस बनवतात, त्याला त्या भावाचं तोंड लावतात आणि हिरोला मारायला पाठवतात.

"तं गाडी पुलावरनं खाली," जाऊ सांगत होती. "तीन कोलांट्या. आन हा दार लाथंनं उघडून बाहेर येतो, शर्ट झटकतो."

"केस?" काकीनं विचारलं.

"केस जागेवर."

"आमचे हे शिळफाट्याला मोटरसायकलवरनं नुसते कलंडले, तं म्हैना झाला उठत नायत."

"हिरोला हिरोईन येते ना उठवायला," पलीकडची एक म्हणाली.

"मी हाय की त्यांना."

"म्हून तं उठत नायत."

सगळी ओळ हसली. हात मात्र कुणाचा थांबला नाही. जाऊ हसणं ओसरेपर्यंत थांबली. हे तिला बरोबर कळतं, कुठं थांबायचं ते.

"आन मागं वळून बघतो, तं समोर भाऊ. तेच तोंड. तोच गालावरचा तीळ. आता सांगा, हात उचलंल का त्याचा?"

"नाय उचलायचा," सासूबाई म्हणाल्या.

"माज्या दिराचं तोंड लावून पाठवा म्हणावं," काकी म्हणाली. "बघा कशी उचलते."

मी टोकावरून म्हटलं, "ते तोंड सिलिकॉनचं असतं. आणि एवढं पोलादी यंत्र त्या पुलावर उभं राहिलं तर पूल टिकणारच नाही. वजनाचा हिशोबच चुकलाय पिक्चरवाल्यांचा."

"तुज्या लॅबमदी नेऊन तोल त्याला," काकी म्हणाली. "हां गं, मग काय केलं त्यानं?" हे जावेला.

दुपारी बांधावर जेवायला बसलो. जाऊ चहाची किटली आणायला घरी गेली होती. बायका आपसात बोलत होत्या. एक म्हणाली, भाऊ सुधारणार. दुसरी म्हणाली, हिरो मरणार, हल्ली मारतात. सासूबाई म्हणाल्या, "मारू नये. एक तं गेलाच हाय." माझ्याकडे कुणी बघितलं नाही. संपूर्ण पिक्चर बघितलेली त्या बांधावर मी एकटी होते आणि मला कुणी विचारत नव्हतं.

मी म्हटलं, "दोघंही यंत्रच असतात. हिरोसुद्धा. खरे भाऊ पहिल्याच लढाईत मेलेले असतात. शेवटी दोघं एकमेकांना संपवतात."

काकीचा घास हातात राहिला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "हे आताच कशाला सांगितलंस?"

"विचारत होतात म्हणून."

"तुला कुठं विचारत व्हतो?" काकी म्हणाली.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर वाटलं नाही. जाऊ किटली घेऊन बांधावरून येताना दिसली तेव्हा मला बरं वाटत होतं. आता दुपारभर काय सांगेल ती? तिच्या हातातलं काढून घेतलं होतं मी.

पुन्हा ओळ लागली तेव्हा काकीनंच सांगून टाकलं. "तुजी जाऊ बोलते, हिरो बी मशीनच हाय म्हून. दोघं मरतात. खरं काय गं?"

जावेनं रोपांची जुडी सोडली. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, काहीतरी आठवत असल्यासारखं. मग वाकली.

"ताई बोलतात ते खरं हाय. दोघं बी मशीन." दोन-तीन रोपं लावून झाली. "पण ते त्या दोघांना कळलं. त्यांच्या आयेला कुठं कळलंय?"

"आय हाय त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"हाय ना. म्हातारी. गावाला ऱ्हाते."

पुढं तासभर ती त्या दोघांना लढवत लढवत गावाकडं घेऊन आली. हेलिकॉप्टर पाडलं, एक धरण फोडलं, उसाच्या ट्रकवरून मारामारी केली. अमेरिकेतल्या पिक्चरमध्ये उसाचा ट्रक. कुणी हरकत घेतली नाही. शेवटी दोघं दारात येतात, एकमेकांचा गळा धरलेला, आणि आई चुलीपुढं बसलेली.

"ती काय बोलत नाय. तव्यावरची भाकर काढते, मोडते, आर्धी याच्या हातावर ठेवते, आर्धी त्याच्या. दोघांनी गळे सोडले. भाकर या हातातनं त्या हातात, त्या हातातनं या हातात. 'भाजलं गं आये,' दोघं एकदम बोलले. तशी म्हातारी बोलते, 'मशीनला भाजत नाय. बसा जेवायला.'"

सासूबाईंनी मनगटानं नाक पुसलं, चिखल नाकाला लागला.

मला गप्प राहवलं नाही. "तापमान कळायला त्यांच्यात सेन्सर असतो," मी म्हटलं.

"आसंल," काकी म्हणाली. "तुज्यात हाय का?"

संध्याकाळी मोरीवर पाय धुताना मी जावेला गाठलं. "ती आई कुठून आली? पिक्चरमध्ये आईच नाहीये."

"मला काय ठावं, ताई. मी शेवट बघितलाच नाय." ती नखातला चिखल काढत होती. "पुण्याकडची बस थांबली ढाब्यावर. बारा भाकऱ्या टाकल्या, वळून बघते तं पंख्याची जाहिरात. मी सकाळपासनं घाबरले व्हते, दुपारी सांगू काय म्हून. बरं झालं तुमी बांधावर सांगितलंत. मला धागा घावला."

म्हणजे मी तिच्या हातातलं काढून घेतलं नव्हतं, तिच्या रिकाम्या हातात आणून ठेवलं होतं. हे ऐकून मला जो राग आला तो कुणावर काढावा कळेना.

"मग मी सांगितला तसाच शेवट का नाही सांगितलास?"

"नाय पटला."

"मी त्या पिक्चरला चार तारे दिलेत."

"कितीतले?"

"पाच."

"एक कशाला कापलात?"

"पुलाच्या वजनाबद्दल."

तिनं तांब्या पालथा घातला. "आयेबद्दल कापायचा व्हता," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी आमचं शेवटचं खाचर होतं, ओढ्याकडचं. जाऊ सरळ टोकाला गेली, बांधाकडेला, माझ्या जागेवर. म्हणाली, "आज ताई सांगतील. माजा घसा बसलाय." घसा बसलेला नव्हता. सकाळीच तिनं अंगणातून दिराला हाक मारलेली मी ऐकली होती. दिलेली जागा घेऊ नये, असं एकदा मनात आलं. तरी जाऊन मधे उभी राहिले. तीन वर्षं हवी होती.

एक माणूस दूरच्या ग्रहावरच्या खाणीत कामाला जातो, असा पिक्चर सांगायला घेतला. यंदा घाई केली नाही. खाण कशी कोसळते, राक्षसाएवढं यंत्र त्याच्या मागं कसं लागतं, हवा किती उरलेली असते, हे सगळं थांबत थांबत सांगितलं. "मग?" असं कुणीतरी म्हणालं तेव्हा मी मनात तो 'मग' मोजून ठेवला. पण पिक्चर शेवटी पिक्चरच. तो माणूस वाचतो, तुटक्या यानात एकटा बसतो, दार लावून घेतो, अंधार. संपला.

खाचर अजून चांगलं घराएवढं उरलं होतं.

"त्याच्या घरी कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"दाखवलं नाही."

नुसता रोपं चिखलात रोवल्याचा आवाज येत राहिला. मी टोकाकडे बघितलं. जाऊ खाली मान घालून लावत होती. तिच्याकडे उत्तर तयार असणार, याची मला खात्री होती. ती एक शब्द बोलली असती तर सगळी ओळ तिच्याकडे वळली असती. बोलली नाही.

"बायको होती," मी म्हटलं. माझाच आवाज मला वेगळा वाटला. "त्याला परत आणायचं तर अर्ज करावा लागतो. ती रोज जाऊन अर्ज देते."

"कुठं?"

"ऑफिसात. ते म्हणतात, सही इथं नाही, तिथं हवी. दुसऱ्या दिवशी तिथं करून नेते, तर म्हणतात, साहेब जेवायला गेलेत."

"आन रेशन कार्डाची झेरॉक्स?" काकी म्हणाली.

"मागितली ना. दोन प्रती."

"माज्याकडनं तीन घेतल्या व्हत्या."

मग ज्या बायका माझ्या ओट्यावर गप्प बसून जायच्या त्या एकेक बोलायला लागल्या. कुणाच्या नावात चूक निघालेली, कुणाचा फोटो जुना म्हणून परत आलेला. मी ते सगळं त्या बायकोच्या गळ्यात घालत गेले आणि ओळ मागं सरकत गेली. बांध जवळ आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग, आला का तो?" मी घाईनं म्हटलं, "आला. अर्ज मंजूर झाला, आला." बायका उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. काकीनं पाठ ताणली आणि म्हणाली, "बरा व्हता." तिच्या तोंडून एवढंही पुष्कळ.

घरी येताना जाऊ माझ्या मागून चालत होती. ओढा ओलांडल्यावर म्हणाली, "ताई, चांगला सांगितलात. पण मी त्याला इतक्यात परत आणला नसता."

तिचं बरोबर होतं, आणि ते मला त्या बांधावरच कळायला हवं होतं, तिनं सांगायच्या आत. पुढच्या आवणीला अजून बरेच महिने आहेत. लॅबमध्ये नमुना तापत असतो तेव्हा मी त्या बायकोला पुन्हा ऑफिसात पाठवते. तिचा अर्ज मी अजून मंजूर होऊ दिलेला नाही. जावेला हे सांगितलेलं नाही.