कोरडी पिंपं

शलमोन साळवे राहुरीपासून बराच आत असलेल्या एका कोरडवाहू गावचा. वडील मुळा धरणाच्या कामावर मजूर होते. त्यांची भाकर पोचवायला जाताना शलमोननं धरणाच्या दरवाज्यांवर काम करणारे वेल्डर पाहिले. तोंडापुढं काळी काच धरून ती माणसं लोखंडाला लोखंड जोडायची, आणि मुकादमसुद्धा त्यांच्याशी अदबीनं बोलायचा. हेच आपण शिकायचं, असं त्यानं तेव्हाच ठरवलं. पुढं वडील गेले. आई मरिया शाळेत झाडलोट करू लागली. तरी मॅट्रिक झाल्यावर तो नगरला आला आणि केडगावच्या बाजूच्या एका लहानशा तंत्रशाळेत वेल्डिंगच्या वर्गात बसला.

तिथं पुंजाराम मास्तर शिकवायचे. बोलणं तुटक, पण मागं उभं राहून पोराचा हात स्वतःच्या हातात धरायचे. "आवाज ऐक," म्हणायचे. "तव्यावर तेल तडतडतं तसा आला पाहिजे." सुरुवातीला शलमोनचे डोळे इतके चुरचुरायचे, की खोलीवर बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून तो पडून राही. हळूहळू हात बसला. मास्तर एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावत. "रिकामं पिंप तसंच कापायचं नाही. आत तेलाची वाफ धरलेली असते, ती दिसत नाही. आधी पाण्यानं भरायचं, मगच आग लावायची."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो सुट्टीला गावी आला, तेव्हा सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. टँकर यायचा, पण कामावर पाणी साठवायला काही नव्हतं. पंचायतीनं कुठून तरी डिझेलची जुनी पिंपं आणली होती. शलमोननं त्यांची तोंडं कापून द्यायची, मग ती आतून घासून वापरायची, असं ठरलं. राहुरीच्या एका गॅरेजवाल्याकडून गॅसचे सिलिंडर बैलगाडीत घालून आणले. शाळेपासूनचा त्याचा दोस्त कानिफनाथ मदतीला आला.

"पिंपं भरायला पानी लागंल," शलमोन म्हणाला.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कानिफनाथची आई बनुबाई पुढं आली. "आमी घरोघरचं गोळा करतो. तुजं झालं की पुन्हा हंड्यात भरून घिऊ."

"न्हाई मावशी. तेलकट व्हईल. प्यायला न्हाई राह्यचं."

"मग कसं करायचं?"

 समोर हंडे घेऊन उभी असलेली माणसं शलमोनच्याच घराशेजारची होती. त्यानं बुचं काढून पिंपं उन्हात पालथी टाकली, नाक लावून हुंगली. "डिझेल काय लगीच पेट घेत न्हाई," तो म्हणाला. कोणाला सांगत होता, ते त्यालाच ठाऊक. बनुबाईला त्यानं पाणी घरी न्यायला लावलं.

पहिली काही पिंपं नीट कापली गेली. लोकांनी ती लगेच उचलून नेली. पुढच्या पिंपात आधी पेट्रोल होतं की आणखी काही, ते कोणालाच पुढं सांगता आलं नाही. कानिफनाथ पिंपाला पाय लावून उभा होता. ज्योत पत्र्याला टेकली आणि पिंप फुटलं.

शलमोन मागं फेकला गेला. त्याचा हात भाजला, एक कान कायमचा गेला. पिंपाचं झाकण कानिफनाथच्या छातीवर बसलं. त्याला घेऊन बैलगाडी राहुरीच्या वाटेला लागली, पण दवाखाना येण्याआधीच तो गेला.

तिसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधलेला शलमोन बनुबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. ती भिंतीला टेकून बसली होती. "आमी पानी देत हुतो, शलमोन," एवढंच ती बोलली. तो उभाच राहिला. शेवटी मरियानं येऊन त्याला घरी नेलं.

तो परत नगरला गेलाच नाही. खडी फोडायला जाऊ लागला. पावसाळा सुरू झाल्यावर पुंजाराम मास्तर स्वतः गावी आले.

"चल," ते म्हणाले.

"मास्तर, तुमी सांगितलं हुतं."

"सांगितलं होतं. आता काय करशील? जन्मभर दगड फोडशील?"

"फोडीन."

मास्तर ओट्यावर बसून राहिले.  एसटीची वेळ झाल्यावर मरियानं मुलाची पिशवी आणून मास्तरांच्या पायाशी ठेवली. शलमोन त्यांच्या मागून चालू लागला.

त्यानं परीक्षा दिली. साखर कारखान्यात दुरुस्तीच्या खात्यात कामाला लागला. त्याचं काम चांगलं असे, पण ज्या कामासाठी तो लहानपणी झुरला, त्यात त्याचं मन पुन्हा कधी लागलं नाही. सोबतचे लोक त्याला घुम्या म्हणत.

बनुबाई गाव सोडून लेकीकडं पुणतांब्याला राहायला गेली. स्वतःचं लग्न ठरल्यावर शलमोन तिला सांगायला तिथं गेला. ती अंगणात शेंगा फोडत होती. त्याला ओळखून तिनं मान वर केली.

"जेवलास का?"

"व्हय," तो म्हणाला. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.

तिनं पुन्हा शेंगा हातात घेतल्या. लग्नाचं सांगायचं राहून गेलं. तो स्टेशनाकडं निघाला.