चिमणीखालचा सदरा

बॉयलरवाले काका रोज घरून एक धुतलेला पांढरा सदरा ओलाच घेऊन यायचे आणि कारखान्याच्या चिमणीखाली वाळत घालायचे. "काका, घरी दोरी नाही का?" म्हणून सगळे टर उडवायचे. काकांनी कुणाच्या बोलण्याला भीक घातली नाही.

आधी तेही इतरांसारखेच होते. फावड्याने भसाभसा कोळसा टाकायचा आणि काळाकुट्ट धूर निघाला की आपली भट्टी कशी जोरात आहे म्हणून मिशीला पीळ द्यायचा. मग धाकट्या लेकीला दम लागायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ कुठे चिमणी आहे का?" काकांना मान वर करता येईना. चिमणी त्यांचीच होती.

तेव्हापासून हा सदरा आला. संध्याकाळी त्यावर काजळीचा एक ठिपका दिसला, तरी काका स्वतःवरच उखडायचे. दुसऱ्या दिवशी कोळसा थोडा थोडा, पातळ पसरून टाकायचे आणि हवेची झडप पुन्हा जुळवायचे. "धूर म्हणजे माझा आळस, दुसरं काही नाही," म्हणायचे.

सहा वर्षांनी हवा तपासणारे साहेब आले. फाटकातूनच वर बघून म्हणाले, "आज बॉयलर बंद ठेवलाय वाटतं."

"पहाटेपासून पेटलाय, साहेब," काका म्हणाले आणि त्यांनी दोरीवरचा सदरा काढून साहेबांच्या हातात दिला.

घरी येऊन त्यांनी हे सगळं लेकीला साभिनय सांगितलं. ती पोट धरून हसली, आणि एकदाही खोकली नाही.