बोरगावच्या पेटीतलं माप

दामिनी घरी आली की जयश्रीताईंची नजर आधी तिच्या हातांकडे जायची. दहाही बोटं जागेवर दिसली की मगच त्या चहा टाकत. मुलगी एकोणतीस वर्षांची, सौसरच्या आयटीआयत टर्नरच्या वर्गाला शिकवणारी. पण सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन फौजेतली जुनी अवजारं ओळखायची. रिकामी काडतुसं पुन्हा भरायचे चिमटे, गोळ्या ओतायचे साचे, बंदुकांची मापं. यातलं एखादं तिच्या हातात फुटेल, हा घोर जयश्रीताईंचा पिच्छा सोडत नव्हता.

दामिनीला असला घोर ठाऊकच नव्हता. भिंग, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणि एक वही घेऊन ती पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत हिंडे. ओळखलं ते ठामपणे लिहायची. नाही ओळखलं तर तितक्याच ठामपणे ‘माहीत नाही’ असं लिहायची.

त्या रविवारी बोरगावला रघुनाथरावांकडे जायचं होतं. ते जयश्रीताईंचे मामेभाऊ, म्हणून त्याही सोबत गेल्या. रघुनाथरावांचे वडील फौजेत बंदुका दुरुस्त करायचे. त्यांची पेटी ओट्यावर काढून ठेवली होती.

“हा आमचा अडकित्ता,” पंचफुलाबाईंनी एक लोखंडी चिमटा पुढे केला. “सासऱ्याचा. यानंच सुपारी फोडून राहिली मी.”

दामिनीनं त्याच्या जबड्यातला बारीक खिळा दाखवला. “मामी, वापरलेल्या काडतुसाच्या बुडाची, बार उडवणारी टोपी काढतात यानं.”

“म्हंजे तीस वर्सं बंदुकीच्या सामानानं सुपारी खाऊन राहिलो आपण? तरीच तुह्या मामाचे दात गेले!”

“दात तुह्या भाकरीनं गेले,” रघुनाथराव म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी कापसात गुंडाळलेली एक वस्तू दाखवली. “पण हे जिवंत काडतूस हाय. हात नको लावू.”

जयश्रीताईंनी पदर घट्ट धरला. दामिनी एक हात मागे ठेवून वाकली, भिंगातून बराच वेळ पाहत राहिली.

“काडतूस नाही, मामा. बंदुकीचं माप आहे हे. सगळं एकसंध पोलाद आहे. गोळी आणि पुंगळी यांच्यात सांधा नाही, बुडाला टोपी नाही. फौजेच्या मालावर असतो तो सरकारी बाणाचा ठसा आहे, आकडा आहे. बंदुकीत हे बसतं की अडतं त्यावरून तिची झीज कळते. तुम्ही बागेतली संत्री फळीच्या भोकातून पाडून त्यांची प्रत ठरवता ना, तसंच.” आणि तिनं ते सरळ उचललं. जयश्रीताईंचा श्वास मोकळा झाला.

तेवढ्यात पंचफुलाबाई पेटीच्या तळाची गंजलेली डबी उचलायला गेल्या.

“मामी, हात काढा!” दामिनी कडाडली. झाकणाच्या फटीतून तांब्याच्या बारीक टोप्या दिसत होत्या. “या टोप्या कोऱ्या आहेत. ठोका बसला तर आजही उडतील. डबी हलवू नका, ठाण्यात कळवा.”

“ठाण्यात?” रघुनाथराव भडकले. “साऱ्या गावात बोभाटा होईन. तू लिहून दे, सारं भंगार हाय म्हणून.”

“बाकी वस्तूंचं देते. डबीचं नाही.”

“जयश्री, समजाव पोरीला! नाही तर मी आत्ताच उचलतो अन् विहिरीत टाकून मोकळा होतो.”

समजावायची सवय जयश्रीताईंना होतीच. ‘जाऊ दे दामिनी, आपलेच लोक आहेत’ हे शब्द ओठांपर्यंत आले. पण लेकीचा चेहरा त्यांनी पाहिला. मघाशी माप बेधडक उचलणारी ती आता डबीपासून दोन हात दूर उभी होती. हिला कधी उचलायचं ते कळतं, कधी नाही तेही कळतं. कळत नव्हतं ते रघुनाथदादाला, आणि तो बाह्या सरसावून पुढे होऊन राहिला होता.

जयश्रीताई त्याच्या आडव्या उभ्या राहिल्या.

“दादा, मागं हो. रुसायचं तर माझ्यावर रुस,” त्या म्हणाल्या. “दामिनी, सगळ्यांना अंगणात ने.”

मग त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि ठाण्याचा नंबर लावला.