चेटकिणीवर गुलाबाच्या पाकळ्या

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत दाखवायला मी एकदा व्हिडिओ फिल्म काढली. परीकथेतली चेटकीण मुळात एकटी, दुखावलेली बाई असते, हे जगाला समजावायची मला भलती खाज होती. चेटकीण झाल्या तळमजल्यावरच्या काकू, आणि तिच्या दुःखावरचं लांबलचक निवेदन अर्थातच माझं. मिक्सिंग मात्र लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे दिलेलं. त्यानं रडणाऱ्या काकूंवर लग्नाच्या सवयीनं गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या, त्यांचा चेहरा बदामात बसवला. मंडपातल्या टीव्हीवर ते बघून माझं डोकंच फिरलं. पण माझ्या निवेदनाला जांभया देणाऱ्या बायका आता पदरानं डोळे पुसत होत्या.

काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात कुठलं आलंय रे शूटिंग! पुढच्या वेळी तुझी बडबड काढ, पाकळ्या वाढव."