‘नाही’ म्हणाल तर बेडूकउडी

उन्हाळी शिबिर संपलं की आमच्या वाडीत दोन ढीग उरतात. एक डाव्या पायाच्या चपलांचा. उजव्या कुठे जातात, हे एवढ्या वर्षांत आम्हाला कळलेलं नाही. आणि दुसरा किश्श्यांचा. चपला विलाससर दरवर्षी टाकून देतात. किस्से मी ठेवून घेतो, थोडं पॉलिश मारतो. लोक म्हणतात, "जरा जास्तच पॉलिश मारता हो तुम्ही!" असेल. ज्याला शंका असेल त्याने मे महिन्यात डहाणूला यावं आणि शहरातली पोरं आठवडाभर सांभाळून दाखवावीत. जाताना तोच मला किस्से सांगेल, आणि माझ्यापेक्षा मोठे सांगेल!

शिबिर भरतं चिखल्याला, चिकूच्या वाडीत. वाडीही विलाससरांची आणि शिबिरही त्यांचंच. कार्यक्रमांची जबाबदारी माझी. म्हणजे कार्यक्रम फसला की माझा. रंगला की विलाससरांचा.

*

पहिल्याच वर्षी विलाससरांनी जाहिरातीत छापलं: ‘समुद्रकिनारी शिबिर!’ सोबत निळाशार फोटो. आता आमच्या किनाऱ्याची गंमत इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ओहोटीला पाणी एवढं आत जातं की ते परत येईल की नाही, अशी शंका यावी. नेमकी त्याच वेळी मुलांची बस आली. पोरं टॉवेल, चष्मे, फुगवलेली बदकं घेऊन धावत किनाऱ्यावर गेली. समोर नुसता चिखल, आणि लांबवर तिरपी पडलेली एक होडी!

पाच मिनिटांत अंधेरीहून एका आईचा फोन. "सर, आमचा विहान म्हणतोय तिथे समुद्रच नाहीये!"

विलाससर शांतपणे म्हणाले, "समुद्र आहे मॅडम. बाहेर गेलाय."

"कधी येईल?"

"जेवायच्या सुमारास."

मग त्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे. आला की प्लीज फोटो पाठवा."

*

पुढे विलाससरांना कोणीतरी सांगितलं की मुलं सांभाळणाऱ्या ताई-दादांना ट्रेनिंग हवं. मग यंदा मुंबईहून रेवतीमॅडम आल्या. खादीचा कुर्ता, रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि मोठमोठे कागद टांगायचा एक स्टँड. चिंचेखाली स्टँड उभा राहिला. मॅडमनी त्यावर एकच शब्द लिहिला, ‘नाही’, आणि त्यावर लाल फुली मारली.

"आजपासून या गेटच्या आत ‘नाही’ आणि ‘नको’ हे शब्द बंद. पॉझिटिव्ह लँग्वेज! जो म्हणेल त्याने सगळ्यांसमोर बेडूकउडी मारायची. मीसुद्धा. कारण मुलांच्या मेंदूला ‘नाही’ हा शब्द ऐकूच येत नाही."

मागून काशिनाथ म्हणाला, "मॅडम, दोनदा."

हा काशिनाथ तलासरीकडच्या डोंगरातला. घरी भात-नागलीची शेती, आणि मे महिन्यात आमच्याकडे दादा. महिन्यातून चार वाक्यं बोलतो, पण चारही जिव्हारी लागतात.

"अरे, मी उदाहरण म्हणून म्हटलं. ते धरायचं नाही!"

"तीनदा."

ट्रेनिंगचं उद्घाटन असं खुद्द मॅडमच्या तीन बेडूकउड्यांनी झालं. टाळ्यांचा कडकडाट! मुंबईची पद्धत आम्हाला फार आवडली.

*

या नियमाने सगळ्यात जास्त छळलं प्रणालीला.

प्रणाली वाढवणकडची. तिची आई जमनाबाय डहाणूच्या बाजारात मासळी विकते. गावात होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात मोर्चा निघाला की जमनाबाय पहिल्या रांगेत असते आणि तिला लाउडस्पीकर लागत नाही. त्या गावातली बाळं ‘आई’च्या आधी ‘नाही’ म्हणायला शिकतात, असं माझं मत आहे. मोठमोठ्या साहेबांना थेट मंत्रालयापर्यंत ऐकू जाणारा तो ‘नाही’, आणि इथे मॅडम सांगत होत्या की तो मेंदूला ऐकू येत नाही!

प्रणालीला एकच गोष्ट हवी होती: शिट्टी. आमच्याकडे शिट्टी गळ्यात पडली म्हणजे तुम्ही मुख्य ताई किंवा मुख्य दादा. तुमची स्वतःची तुकडी. तुम्ही वाजवली की पोरं रांगेत. ती तीन उन्हाळे राबली. पोरं तिच्यामागे कोंबडीच्या पिल्लांसारखी फिरायची. पण शिट्टी मागच्या वर्षी मिळाली मुंबईच्या आर्यनदादाला. कारण त्याच्याकडे लीडरशिपचं सर्टिफिकेट होतं, आणि तो ‘नाही’ला ‘आपण याचा वेगळ्या पद्धतीने विचार करूया का?’ असं म्हणायचा.

यंदा जमनाबायने लेकीला बजावलं होतं, "मे महिन्यात सगळा मुलूख पावसाळ्याची सुकी मासळी भरतो, आणि माझी पोरगी लोकांची पोरं खेळवते! यंदा शिट्टी मिळाली तर दर वर्षी जा. मिळाली नाही, तर शिबिर संपलं की टोपलीशी येऊन बस. कायमची!"

आणि पहिल्याच दिवशी प्रणालीने एवढ्या बेडूकउड्या मारल्या की संध्याकाळी ती उडी मारतच जेवायला आली. मॅडम विचारायच्या, "प्रणाली, नियम समजला?" ती म्हणायची, "समजला की, त्यात नाही समजण्यासारखं काय आहे!" की परत उडी!

*

नियमाची पहिली खरी परीक्षा मात्र विलाससरांची झाली.

आंब्याच्या फांदीला लाल मुंग्यांचं घरटं होतं, पानं शिवून केलेलं. विहानला ते पक्ष्याचं वाटलं. (हाच तो समुद्रवाला. दर वर्षी येतो. आईला घरी शांतता हवी असते.) त्याने हात पुढे केला. विलाससर दोन पावलांवर. तोंड उघडलं, आणि नियम आठवला!

"बाळ," सर म्हणाले, "आपण आपला हात... आपल्या स्वतःच्या खिशात ठेवण्याचा आनंद... घेऊया का?"

विहानने वाक्य शेवटपर्यंत नीट ऐकलं. संस्कारी मुलगा. ऐकताना हात घरट्यात होता.

मलम लावून झाल्यावर तो हुंदके देत म्हणाला, "सर, तुम्ही नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तरी चाललं असतं!"

"तसं म्हणता येत नाही रे, बाळ!"

आणि सरांनी तिथेच, मलमाची ट्यूब हातात घेऊन बेडूकउडी मारली. विहान रडता रडता हसला. मॅडमनी वहीत लिहिलं: ‘नियम परिणामकारक.’

*

आता आर्यनदादाच्या लीडरशिपचा किस्सा. पोरांना तलासरीला नेऊन खजिन्याचा शोध ठेवला होता. हातात नकाशा आणि होकायंत्र. खजिना म्हणजे काशिनाथच्या घरामागच्या आंब्याखाली पुरलेला बिस्किटांचा डबा. एक तुकडी प्रणाली आणि काशिनाथची. दुसरी आर्यनदादाची.

पहिली तुकडी वेळेत पोचली. पोचणारच, काशिनाथ स्वतःच्या घरी चालला होता! दुसऱ्या तुकडीचा मात्र पत्ता नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘उत्तरेकडे जा.’ किती, ते लिहिलं नव्हतं. आर्यनदादाने होकायंत्र पाहिलं, उत्तरेला तोंड केलं. समोर हायवे, आणि हायवेवर उत्तरेला जाणारी बस उभी. लीडरने तत्काळ निर्णय घेतला.

तासाभराने मला फोन.

"काका, एक विचारू? इथे पाट्या गुजरातीत दिसतायत."

"आर्यन, तू आहेस कुठे?"

"भिलाड लिहिलंय म्हणे. म्हणजे इथले एक काका वाचून सांगतायत." मध्येच त्याने शिट्टी वाजवली. पोरं गुजरात राज्यात रांगेत उभी राहत असावीत. मग आवाज खाली करून तो म्हणाला, "काका, खजिना महाराष्ट्रातच आहे ना?"

संध्याकाळी विलाससर गरजले, "अरे, तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

आर्यन म्हणाला, "सर, आपण याचा वेगळ्या पद्धतीने विचार करूया का?"

त्या दिवशी शिट्टी त्याच्या गळ्यातून निघाली आणि विलाससरांच्या खिशात गेली. बेडूकउडी मात्र पुन्हा विलाससरांनाच मारावी लागली!

*

शिट्टी मोकळी झाल्याची बातमी वाढवणला कोणी पोचवली, देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून जमनाबायची रिक्षा बाजारातून परतताना रोज आमच्या गेटसमोर थांबू लागली. बाय खाली उतरायची, गेटबाहेरूनच लेकीचा गळा बघायची.

"मिळाली का गो?"

शेजारी मॅडम उभ्या. प्रणाली घाम पुसत म्हणायची, "मिळण्याच्या वाटेवर आहे, आये."

"म्हणजे नाही!"

एक दिवस सवयीने मॅडमच्या तोंडून गेलं, "बेडूकउडी!"

जमनाबायने टोपली खाली ठेवली. कमरेवर हात. "कोणी? मी?"

मॅडमनी बाईंकडे पाहिलं, बाईंच्या मनगटातल्या हिरव्या चुड्याकडे पाहिलं आणि अत्यंत पॉझिटिव्ह भाषेत म्हणाल्या, "नियम गेटच्या आतल्यांना आहे."

"हां," म्हणत बाय रिक्षात बसली.

*

मग आला परीक्षेचा दिवस. ट्रेनिंगच्या शेवटी मॅडम एक नाटुकलं करायला लावतात. एकाने घरच्या आठवणीने हट्टाला पेटलेलं मूल व्हायचं, आणि ताईने ‘नाही’ न म्हणता त्याची समजूत काढायची. जमली तर शिट्टी. एरवी मूल मॅडम स्वतः होतात. पण या वेळी त्यांचे गुडघे सुजले होते. कशाने, ते सांगायला नको.

नेमकी तेव्हाच जमनाबाय सरळ गेटच्या आत आली. आभाळ भरून आलं होतं. "प्रणाली, पिशवी भर. झालं तुझं शिबिर."

"आये, परीक्षा आहे गो! दहा मिनिटं!"

विलाससरांना दिसेल त्या माणसाला काम लावायची सवय. ते म्हणाले, "बाय, दहा मिनिटं तुम्ही मूल व्हाल का? फक्त ‘मला घरी जायचंय’ असा हट्ट करायचा."

"हट्टच ना?" म्हणत जमनाबाय चिंचेखाली फतकल मारून बसली. सगळे गोल करून बसलो. प्रणाली शिकवल्याप्रमाणे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, डोळ्याला डोळा येईल अशी.

"मला घरी जायचंय," जमनाबाय म्हणाली.

"घरची आठवण येतेय?"

"घरी काम पडलंय. बोंबील वाळत घातलेत, ढग आलेत. उचलायचे कोणी?"

काशिनाथ माझ्या कानात पुटपुटला, "आठ वर्षांचं पोर असं बोलतं?"

"वाढवणचं बोलतं," मी म्हटलं.

"ढग बघून जीव घाबरा झालाय तुझा," प्रणाली म्हणाली.

"होईल तर काय! म्हातारपणी टोपली उचलेल कोण? तुझ्याशिवाय दुसरी पोरगी आहे का मला?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते गेटच्या आत बंद होतं. मॅडमचं पेन वर राहिलं.

"एकच आहे," प्रणाली म्हणाली.

"मग?"

"मग ती एकच इथे बरी आहे, आये. आज माझ्याजवळ बस. माझ्या पोरांबरोबर जेव. संध्याकाळीसुद्धा घरी जावंसं वाटलं, तर मी स्वतः तुला पोचवीन. बोंबील उचलू लागेन."

"आणि मग?"

"मग परत येईन."

जमनाबाय तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. एवढा वेळ आमच्या शिबिरात कोणी गप्प बसलेलं मी पाहिलेलं नाही, आणि विहान तर तिथे समोर होता!

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. विलाससरांनी खिशातून शिट्टी काढली, दोरी झटकली आणि प्रणालीच्या गळ्यात घातली. पोरांनी चिंच हलेल असा गलका केला. पण प्रणालीचे डोळे आईवर. शिट्टीला तिने हातसुद्धा लावला नव्हता.

शेवटी विलाससरांनीच घसा खाकरून भीत भीत विचारलं, "मग बाय... हिला घरी नेताय?"

जमनाबाय उठली. पदर झटकला. लेकीच्या गळ्याकडे नीट बघून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

‘बेडूकउडी’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. मॅडम तर वहीत तोंड खुपसून बसल्या होत्या.

जमनाबायने टोपली बाजूला सारली. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. खाली बसली, आणि चिंचेच्या बुंध्यापासून थेट मॅडमच्या स्टँडपर्यंत अशी एक बेडूकउडी मारली, की स्टँड कोसळला!

मग तिने टोपली डोक्यावर घेतली आणि "चला, ढग आलेत" म्हणत गेटबाहेर पडली.