माहेरचं मापटं

माझी सून मिरजगावात घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. परवा तिचा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर नीट चालायचा, आणि कंपनीच्या कम्प्युटरवर चढवला की बंद पडायचा. नवी नोकरी, संध्याकाळपर्यंत काम द्यायचं, पोरगी अगदी रडकुंडीला आली. शेवटी म्हणाली, "आई, प्रोग्राम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर दोन्हीकडं एकच हाय, पण माझी आवृत्ती नवी नि त्यांची जुनी."

मला हसूच फुटलं. अहो, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी उडदाचे पापड केले होते. माझ्या आईनं माहेराहून, काष्टीहून सांगावा धाडला होता, मापटंभर पिठाला दोन चमचे पापडखार. मी तस्संच केलं आणि पापड कडू झाले. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरी कुणाला जिभा न्हाईत का गं?" चूक एवढीच, की इथलं मापटं काष्टीच्या मापट्याहून लहान होतं. मग आईनं आपलं पितळी मापटंच मामाच्या हाती एसटीनं पाठवलं. सासूबाईंनी पुढं जन्मभर तेच वापरलं.

सुनेला हे सांगितलं नि म्हटलं, "नुसता सांगावा नको, मापटंच धाड."

"व्हय की!" म्हणत तिनं आवृत्तीचा नेमका आकडा एका फाईलीत लिहून ती प्रोग्रामसोबत ठेवली. आता दोन्हीकडचे कम्प्युटर तो आकडा वाचून तीच आवृत्ती घेतात. दिवेलागणीआधी काम कंपनीत पोचलं.

फाईलीच्या वरच्या ओळीत तिनं लिहिलंय, 'काष्टीचं मापटं'. माझी आई असती तर तिनं विचारलं असतं, "ते परत कधी देताय?"