बॅटरी उगाच मरत नाही

भंगारवाला महिन्यातून एकदा टेम्पो घेऊन येतो आणि मेलेल्या बॅटऱ्या उचलून नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच जातात. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांना लागून माझा दहा बाय बाराचा गाळा. त्यात चार्जिंगचं टेबल, बॅटऱ्यांची रॅक, एक स्टूल, मी, आणि उरलेल्या जागेत हे किस्से. शेजारी युसूफभाईंचं गॅरेज. चारचा चहा आला की ते पाना हातात घेऊनच माझ्या पायरीवर येऊन बसतात.

दुकान वडिलांचं. त्यांनी काम शिकवलं भावाला, शिकले मी. भाऊ आता पुण्याला आयटीत आहे आणि गाडीची बॅटरी उतरली की मलाच फोन करतो.

वडिलांचं एक म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. बॅटरी उगाच मरत नाही, तिला कोणीतरी मारतं. ते कोण हे कळल्याशिवाय गिऱ्हाइकाला नवी बॅटरी विकायची नाही. बॅटरी कंपनीचा माणूस दर भेटीत डोकं खातो, "ताई, अशानं टार्गेट कसं होणार?" मी म्हणते, नाही होणार. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत.

*

एकदा इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ गाडी ढकलत आले. दुकानात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जेन्ट्स कोणी नाही का?"

"आहेत की. शेजारी."

ते युसूफभाईंकडे गेले. युसूफभाईंनी बॅटरी काढली, उचलून आणली, माझ्या टेबलावर ठेवली आणि त्यांना म्हणाले, "डॉक्टर इधर बैठती है."

बॅटरीला काहीच झालं नव्हतं. टर्मिनलवर पांढरा भुगा चढला होता. गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश. पुसून व्हॅसलिन लावलं, तारा आवळल्या, दहा मिनिटांत गाडी चालू. जाताना साहेबांनी विचारलं, "तुमचे मिस्टर केव्हा असतात दुकानात?"

म्हटलं, "त्यांची गाडी बंद पडली की येतात."

*

मनीषा आली तेव्हा तिनं असलं काही विचारलं नाही. नर्सचा युनिफॉर्म, त्यावर नवऱ्याचं जॅकेट, डोक्याला हेल्मेट. दिंडोरी रोडला आत एक गाव आहे, तिथून ती रोज मोटारसायकलवर इथल्या एका हॉस्पिटलला येते. ड्यूटी सकाळी सातची, गावातून पहिली बस आठची. गाडी नवऱ्याची. तो ट्रकवर असतो, महिना महिना बाहेर. गाडी चालवायला त्यानंच शिकवलं आणि जाताना किल्लीही तिच्याच हातात दिली.

"ताई, सेल्फ मारला की नुसतं टिक टिक होतं. आन् ह्या गाडीला किकच नाय."

धक्का मारायला माणसं गोळा करेपर्यंत तिला उशीर झाला होता. तीन महिन्यांचं प्रोबेशन. तीनदा उशीर झाला की नाव कट, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आजचा पहिला.

"घरी काय म्हणतात?" मी विचारलं.

"सासरे म्हणतात, बाईमाणसानं फटफटी फिरवलेली गाडीलाच चालत नाय. सासूबाई काय बोलत नाय."

तिची बॅटरी मी चार्जिंगला लावली. बारा व्होल्टची लहान बॅटरी, सावकाश भरायची असते. घाई केली की आतून तापून खराब होते. तोवर माझी सर्व्हिस बॅटरी तिला बसवून दिली. गिऱ्हाइकाची गाडी अडू नये म्हणून आम्ही एक चांगली बॅटरी बाजूला ठेवतो, ती. मी छातीठोकपणे सांगितलं, "ही बॅटरी तुला दगा देणार नाही."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली, तेव्हा दुकानात दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले काका बसले होते. त्यांची बॅटरी वर्षाच्या आत गेली होती आणि ते माझ्याशी गॅरंटीवरून भांडत होते. मी झाकणं उघडली. आत गढूळ.

"काका, पाणी कोणतं घातलं?"

"गंगेचं."

आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा मला लगेच कळलं. मागच्या कुंभमेळ्यात रामकुंडावरून भरून आणलेला सीलबंद गडू त्यांनी बॅटरीत रिकामा केला होता. "इतकी वर्षं झाली, पाण्याला वास नाय का किडा नाय. तुमचं ते डिस्टिल्ड वॉटर ह्याच्यापेक्षा शुद्ध हाय का?"

मी म्हटलं, "काका, गंगेचं पाणी माणसाच्या तोंडात शेवटी घालतात. तुम्ही बॅटरीला जिवंतपणीच घातलंत."

काकांनी बॅटरीत वाकून पाहिलं. "म्हंजी गेली म्हणायची."

"गेली."

"पण सद्गतीला गेली," असं म्हणून त्यांनी नवी बॅटरी घेतली.

मनीषा हसली नाही. काका गेल्यावर म्हणाली, "ताई, तुमची पण बॅटरी गेली. आज दुसरा लेट मार्क लागला."

*

खरं सांगते, मला राग आला. माझी सर्व्हिस बॅटरी, जी गेल्या चार वर्षांत एकदाही बसली नव्हती!

मी चहा बाजूला ठेवला आणि तिची गाडीच तपासायला घेतली. इंजिन चालू करून मीटर लावला. चौदाच्या वर दोन पॉइंट, म्हणजे गाडी बॅटरी नीट भरते आहे. इंजिन बंद करून, किल्ली काढून, मध्ये मीटर धरून पाहिला, कुठून करंट गळतोय का. कुठूनच नाही. युसूफभाईंनी हॉर्न, इंडिकेटर, सगळी वायरिंग सोडवून पाहिली. टेबलावरची तिची बॅटरी चोवीस तास भरून, मग दिवसभर तशीच ठेवून मोजली. बारा पॉइंट सात. जिथल्या तिथे.

"गाडी चोर नाही, बॅटरी चोर नाही," मी म्हटलं.

"मग चोर कोण?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं, आणि असं मी फार कमी वेळा कबूल करते. कंपनीचा माणूस नेमका तेव्हा आला होता. म्हणाला, "ताई, नवी विकून टाका ना, कशाला डोकं लावता?" मी म्हटलं, नवीही मरेल, मग ही पोरगी घरी बसेल, तिला पगार तुमची कंपनी देणार का? तो बिलबुक घेऊन पुढच्या दुकानात गेला.

तिची बॅटरी तिला परत बसवून दिली. आता आणखी एकदा उशीर झाला की नाव कट.

*

त्याच आठवड्यात गंगापूर रोडचे एक रिटायर्ड काका आले. ह्यांचं वेगळंच. रोज सकाळी गाडी स्टँडवर लावून सेल्फ मारायची, पाच मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायची आणि बंद करायची. का, तर बॅटरी चार्ज राहावी. सगळी सोसायटी धुरानं खोकायची, आणि बॅटरी तरी दर महिन्याला खाली.

"काका, सेल्फ मारताना जेवढं खर्च होतं तेवढंही पाच मिनिटांत भरत नाही. रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवा. आणि गावाला जाणार असाल तर निगेटिव्हची तार काढून ठेवा."

"चालवू कुठे? मला जायचंच कुठे नसतं."

"भाजी आणा."

पंधरा दिवसांनी त्यांच्या मिसेसचा फोन. "बॅटरीवाल्या बाई का? बॅटरी चांगली झाली असेल तर ह्यांना आवरा. घरात सात जुड्या मेथी पडली आहे."

*

मनीषा पुढच्या खेपेला ड्यूटी संपल्यावर आली ती घामाघूम. बॅटरी पुन्हा खाली. सकाळी घरून गाडी ढकलतच निघाली होती, वाटेत एक ट्रॅक्टरवाला भेटला, त्यानं नि त्याच्या माणसानं धक्का दिला आणि सातला दोन मिनिटं कमी असताना ती वॉर्डात पोचली. स्टुलावर बसली आणि रडायला लागली. "ताई, गाडीच नाय माझ्या नशिबात. सासरे बरोबर म्हणतात."

"सासरे बरोबर म्हणत नाहीत," मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

तिची गाडी युसूफभाईंच्या दारात आडवी लागली होती. त्यांना एक कार बाहेर काढायची होती. हँडल लॉक होतं. युसूफभाईंची सवय अशी की कोणाला हाक मारायची नाही. त्यांनी खिशातून स्वतःच्या गॅरेजच्या शटरची किल्ली काढली, मनीषाच्या गाडीत घातली आणि फिरवली. लॉक उघडलं. किल्ली आणखी फिरली. मीटरमधला हिरवा दिवा लागला.

त्यांनी किल्ली परत फिरवून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, जरा इधर आना."

कुलूप झिजलं होतं. मी माझ्या रॅकची किल्ली लावून पाहिली, तीही फिरली. म्हणजे कोणीही किल्ली फिरवून ठेवली की रात्रभर मागचा लाल दिवा जळणार, गाडी घरी शेडमध्ये ताडपत्रीखाली, कोणाला दिसणार नाही. सकाळी ही उठायच्या आत बंद करायची. बस. बॅटरी रिकामी.

मनीषानं सगळं ऐकलं. रडायची थांबली.

"कुलूप बदलून टाकू," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"नाय ताई. बदललं की घरी विचारतील, का बदललं. मग मला कोणाचं तरी नाव घ्यावं लागंल. मी काय पाह्यलेलं नाय." तिनं डोळे पुसले. "मला दहा नंबरचा पाना द्या. आन् बॅटरी काढायची कशी ते दाखवा."

मी दाखवलं. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. तिसऱ्यांदा तिनं चार मिनिटांत केलं.

*

त्या दिवसापासून ती रोज घरी पोचली की बॅटरी काढायची. ठेवायची कुठे? खोलीला कडी नाही, माजघरात सगळ्यांचा वावर. मग तिनं जागा शोधली. देवघर. देव्हाऱ्याशेजारच्या पाटावर, हळदकुंकू लावून. सासऱ्यांचा सोवळ्याचा कारभार कडक, आंघोळ केल्याशिवाय तिथे कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचाच नियम.

सासरे भडकले. "देवाच्या बाजूला बॅटरी?"

मनीषा म्हणाली, "दसऱ्याला तुम्हीच गाडीला हार घातला होता की, मामंजी."

हे तिनं मला पायरीवर बसून, भजी खात सांगितलं. युसूफभाई इतके हसले की चहा सांडला. बॅटरी एकदाही खाली गेली नाही, ती एकदाही उशिरा पोचली नाही. पण मला तिच्या हाताकडे बघून वाईट वाटायचं. बोटांना तारेचे ओरखडे, नखांत काळं. दिवसभर वॉर्डात पेशंटचं करायचं, आणि घरी गेल्यावर स्वतःच्याच घरच्या माणसांपासून बॅटरी लपवायची. प्रोबेशन संपायला आठ दिवस उरले होते.

*

आणि मग त्या रविवारी दुपारी मनीषाची गाडी गल्लीत शिरली. मागे एका बाजूला पाय सोडून, डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बाई. गाडी थांबली तशी ती सावकाश उतरली. ट्रान्सपोर्टचे सगळे हमाल काम थांबवून बघत होते. बाईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मनीषा माझ्या कानाशी आली. "सासूबाई हायेत. सकाळीच म्हणाल्या, मला त्या बॅटरीवाल्या बाईकडं ने. गावातून मागं बसून आल्या, पारावर मामंजी बसलेले होते, त्यांच्या समोरून. का आल्यात ते मला नाय सांगत."

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक किल्ली निवडली, गाडीत घातली आणि फिरवली. हिरवा दिवा लागला.

"कपाटाची हाय," त्या म्हणाल्या. "ही ह्याच्यात फिरती. फिराया नको."

मला राहवलं नाही. विचारलं, "कोण फिरवायचं, आजी?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुलूप बदल, बाई."

युसूफभाईंनी तासाभरात नवा लॉकसेट बसवला. कपाटाची किल्ली लावून पाहिली, आत गेली नाही. माझी रॅकचीही नाही, शटरचीही नाही. पाकिटात नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक मी मनीषाच्या हातात दिली. दुसरी, घरातलं मोठं माणूस म्हणून, आजींपुढे धरली.

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"दोन्ही हिलाच दे. घरात एकबी नको."